तळे राखील तो...

आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना मासा ठाऊक असतो तो मत्स्यावतारातला, नाहीतर ताटातला. पण चोपड्याच्या दक्षिणेला, तापीकाठी, एका कोळ्याने ऐन उन्हाळ्यात मरळ चिरून तिच्या आतड्यातली पांढरी फीत दाखवली. तो पट्टकृमी!

असे कृमी बहुधा आधी सायक्लॉप्स नावाच्या इवल्या पाणपिसवांत वाढतात. त्या पिसवा खाल्ल्या की माशांत शिरतात. नदी भरून वाहत असते तेव्हा ही गाठ क्वचितच पडते. पाणी आटून साचले, की मासे आणि पिसवा एकाच डबक्यात कोंडतात.

याच पिसवांतून नारू माणसात येई. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, लोक पाणी गाळून पिऊ लागले, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला.

माशाला गाळणे कोण देणार? त्याच्यासाठी वाहते पाणी हेच गाळणे. तळे राखील तो पाणी चाखील म्हणतात. आपण नुसतेच चाखत बसलो, तर राखायचे कुणी?