लाइट हाय तवर

1 जूनला मासेमारीची बंदी लागते आणि कोकणातली माणसं देवाला निघतात. त्यातलीच एक पिकअप गाडी परवा तामलवाडीचा टोलनाका ओलांडून चहाला थांबली होती. हर्णैची. मागं बायका, पोरं, देवीच्या ओटीचं सामान आणि पुढं काचेशी अडकवलेला एक टॅब. त्या टॅबवरून माझी नजर हलेना. तो जाड पारदर्शक पिशवीत घातला होता. पिशवीच्या कोपऱ्याला भोक पाडून चार्जिंगची वायर आत नेली होती आणि भोक एम-सीलनं नीट बुजवलं होतं, अंगठ्यानं दाबल्याचा ठसासुद्धा त्यावर उमटलेला. पावसाचा अजून पत्ता नाही, रस्ता तुळजापूरचा. इथं पाण्यासाठी एवढा बंदोबस्त कशाला?

"होडीवर हाच असतो, काका," गाडी चालवणारा पोरगा म्हणाला. बोटानं त्यानं रस्त्याचा नकाशा सरकवला आणि दुसरा काढला. फिकट निळ्या पाण्यावर बारीक बारीक आकडे, खोलीचे. एका कडेला सुवर्णदुर्ग. मग तो हॉटेलाच्या आत वळला.

"मालक, हा जरा इथं लावू का? गाडीत लावलेला आहे, तरी उतरतोच आहे."

"लावा की. लाइट हाय तवर लावा."

लावलेला आहे, तरी उतरतोच आहे. गाडी तुळजापूरकडे गेली तरी ते वाक्य माझ्यापाशीच राहिलं.

त्यामागचा हिशेब साधा आहे. दहा इंची टॅबच्या बॅटरीत सुमारे 25 ते 30 वॅट-तास वीज मावते. घरात, सावलीत, मंद उजेडावर ती दिवसभर पुरते. होडीवर ऊन अंगावर येतं. पडदा दिसायचा तर उजेड पूर्ण चढवावा लागतो, तो मिटूही द्यायचा नसतो, आणि जीपीएस सारखं उपग्रहांकडं कान लावून असतं. मग तोच टॅब सात-आठ वॅट खातो. जुन्या, एका अँपियरच्या चार्जरमधून येतात 5 वॅट. वायर हलकी निघाली किंवा चार्जरची आणि टॅबची ओळखच पटली नाही, तर अर्धा अँपियर, म्हणजे अडीच वॅट. येणं पाच, जाणं आठ. पडद्यावर विजेचं चिन्ह दिसत राहतं आणि शेजारचा आकडा खाली येत राहतो.

त्यात वायरीचं दुखणं. होडीवर बॅटरी 12 व्होल्टची. ती एकीकडं, नकाशा दुसरीकडं. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर नेऊन परत आणली आणि तिच्यातून पाच अँपियर ओढले, तर व्होल्टभर दाब वाटेतच जिरतो. हे समजायला आमच्याकडं कुणाला समुद्र बघावा लागत नाही. खांबापासून विहिरीपर्यंत बारीक वायर ओढली की मोटार नुसती गुरगुरते, पाणी काही चढत नाही आणि शेवटी ती जळते. कुणी होडीवर इन्व्हर्टर बसवून 12 व्होल्टचे 230 करतात आणि त्यात घरचा चार्जर खुपसून पुन्हा पाचावर आणतात. दोन्ही वेळा थोडी वीज उष्णता होऊन जाते. माझ्या मते, बॅटरीवरून थेट चालणारा चांगला चार्जर, जाड आणि आखूड वायर, शिवाय इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी राखलेली, एवढं झालं की निम्मी काळजी मिटते. ही बॅटरी मात्र कशाहीसाठी रिकामी होऊ देऊ नये. नकाशा विझला तर माणूस चाचपडत का होईना घरी येतो. इंजिन उठलंच नाही, तर वारा नेईल तिकडं.

खाऱ्या पाण्याचं वैर वेगळंच आहे. काचेवर थेंब पडला की टॅबला ते बोट वाटतं आणि नकाशा भलतीकडं पळतो. चार्जिंगच्या तोंडात पाणी गेलं आणि त्यातून वीज वाहत राहिली, तर पिना हिरव्या-निळ्या पडतात, द्राक्षबागेत फवारायच्या मोरचुदासारख्या. म्हणून ती पिशवी आणि ते एम-सील. पण पिशवी पाणी बाहेर ठेवते तशी ऊब आत कोंडते. आयपॅडच्या कंपनीनंच 35 अंशांपर्यंतच्या हवेत तो वापरावा असं सांगितलं आहे. आमच्याकडचा मे महिना चाळीस ओलांडतो, आणि काचेमागं त्याहूनही वर. टॅब तापला की आधी पडदा मंद होतो, मग चार्जिंग थांबतं. हर्णैच्या समुद्रात चाललेली युक्ती तामलवाडीच्या उन्हात अडली असेल, तर ती अशी.

हॉटेलवाल्याचं वाक्य मात्र शंभर टक्के इथलं होतं. इथं विजेला वेळ असते. शेतीची वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तरी रात्री दाऱ्यावर उभं राहिलेल्या माणसाच्या अंगातून ते वेळापत्रक जात नाही. लाइट हाय तवर टाकी भरून घे, दळण आण, फोन लाव, बॅटरीचा दिवा लाव. घरातली म्हातारी माणसं घड्याळाकडं न बघता सांगतात, आता जाईल. भर दर्यात तांडेलाला आजवर एकच विचारायचं असे, आपण कुठं आहोत. नकाशा विजेवर आला तसा दुसरा प्रश्न त्याच्या शेजारी येऊन बसला, किती उरलंय. हा दुसरा प्रश्न आमच्या लोकांनी जन्मभर सोडवलेला आहे. होडीवर कधी पाय न ठेवलेला तामलवाडीचा शेतकरी टॅबवर 18 टक्के बघून काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं, हे पटकन सांगेल.

समुद्राची आणि कोरड्या मुलखाची एवढी ओळख असेल असं वाटत नाही, पण आहे. भारताच्या समुद्राचे अधिकृत नकाशे देहरादूनला तयार होतात. ते कार्यालय 1954 पासून तिथं, हिमालयाच्या पायथ्याशी आहे. मासळी कुठं मिळण्याची शक्यता आहे, हे उपग्रहानं टिपलेल्या पाण्याच्या तापमानावरून आणि हिरवेपणावरून सांगणारी इन्कॉइस ही संस्था हैदराबादची. सोलापूरहून नळदुर्गावरून जो रस्ता जातो, तो थेट त्या गावाला. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर मोबाइलची रेंज संपते, म्हणून 2019 मध्ये जेमिनी नावाचं यंत्र निघालं. ते गगन प्रणालीच्या उपग्रहाकडून संदेश घेतं आणि ब्लूटूथनं फोनवर उतरवतं. वादळाची खबर त्यामुळं आत खोलवर पोचते, आणि त्या यंत्रालाही चार्ज करावं लागतं.

होकायंत्राला काही लागत नाही, म्हणून ते मला फार आवडतं. कागदी नकाशा, पेन्सिल आणि होकायंत्र प्रत्येक होडीवर असावं, टॅब कितीही चांगला असला तरी. याबाबत मी हट्टी आहे. सुहैली ही शिडाची नौका मुंबईत सागवानात बांधली गेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 मध्ये 312 दिवस एकटा, कुठंही न थांबता पृथ्वीभोवती फिरून आला. उपग्रहांची मदत नव्हती; सूर्य-तारे आणि घड्याळ होतं. पण दिव्यांना आणि रेडिओला बॅटरी होती आणि ती भरायला एक छोटं इंजिन होतं. त्या इंजिनाच्या मॅग्नेटोतली फट अचूक लावायची, तर पातळ पात्यांचा फीलर गेज लागतो, आणि तोच सापडेना. त्यानं एक पुस्तक घेतलं आणि पानं मोजली. इंचाला 200 भरली, म्हणजे एक पान इंचाचा दोनशेवा भाग. हवी तेवढी पानं फटीत घालून त्यानं ती जुळवली. याच माणसाकडं पुढं आपले कमांडर दिलीप दोंदे शिकायला गेले, गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली म्हादेई घेऊन 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होऊन परतले.

मला मात्र या सगळ्यात आठवत राहतं ते तेर. आमच्याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. गोरोबाकाकांचं तेर म्हणून वारकरी तिथं जातात. मी जातो तो रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावानं उभ्या असलेल्या संग्रहालयासाठी. एका गावच्या माणसानं आयुष्यभर मातीतून निघालेलं गोळा केलं: मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, भांडी. तिथली हस्तिदंताची लहानशी स्त्रीमूर्ती बघितली की थांबावंच लागतं. केसांची ठेवण, अंगावरचे दागिने, उभं राहण्याची ढब. तशाच घडणीची मूर्ती 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात निघाली. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. म्हणजे त्याआधीच असलं काम आपल्या देशातून रोमन घरात पोचलेलं होतं. लोक अजिंठा-वेरूळला रांगा लावतात आणि तेरला दोन तास देत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. त्रिविक्रमाच्या देवळाची ती विटांची पाठ, मागं गोल वळलेली, तिच्यासमोर उभं राहिलं की ओळखीचा जिल्हा अनोळखी होतो.

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, पेरिप्लस म्हणतात ती. त्यानं स्वतःचं नाव सांगितलेलं नाही. त्यात सोपारा, कल्याण, चौल आहेत, आणि किनाऱ्यापासून इतकं आत असलेलं तगरही आहे. ते तगर म्हणजे तेर, हे फ्लीट या संशोधकानं 1901 मध्ये मांडलं. तगरहून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल, गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाई, असं तो व्यापारी लिहितो. आणि भडोचच्या खाडीबद्दल तो जे लिहितो, ते वाचताना मला कुणीतरी जवळ बसून सांगतंय असं वाटतं. किनारा सपाट, खाडीचं तोंड दुरून दिसत नाही, सापडलं तरी वाळूचे उथळ पट्टे, भरती अशी की पाणी गर्जत आत शिरतं आणि उभं जहाज आडवं होतं. म्हणून राजाच्या चाकरीतले तिथलेच कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढं जात, परक्या जहाजांना गाठत आणि दोर बांधून ओढत आणत. भरती लागली की निघायचं, ओसरली की ठरलेल्या जागी नांगर टाकून थांबायचं. कुठल्याही टॅबवर नसलेला नकाशा त्या माणसांच्या अंगात होता.

कापडाच्या गाड्यांचा हिशेबही मला करावासा वाटतो. पेरिप्लसप्रमाणे भडोचहून पैठण 20 दिवसांची वाट, पैठणहून तगर आणखी 10. इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य वारा पाठीशी घेऊन. परतीला ईशान्य वारा लागतो, तो हिवाळ्यात. इकडं काळ्या रानातून भरल्या गाडीला दसऱ्याआधी वाट मिळणं कठीण, चाक आरीपर्यंत रुतणार. दसऱ्याला तेर सोडलं तर महिन्याभरानं, कार्तिकी एकादशीच्या सुमारास, गाडी भडोचला. माल चढवायला, सौदे व्हायला काही दिवस धरले तरी परतीचा वारा हाताशी असे. वाटेत एखादा बैल बसला, गोदावरीला उशिरा पूर आला, आणि जहाजं निघून गेली तर मलमलीचे गठ्ठे पुढच्या पावसापर्यंत भडोचच्या वखारीत.