जुन्या कार्डाची पत

ऋण काढून सण करू नये, हे आमच्या घराचे जुने ब्रीद. चाकणला औद्योगिक वसाहत आली, कुरुळीच्या आसपास कारखाने उभे राहिले, तरी आमचे दादा किराणा रोखीनेच आणतात. तेव्हा घरकर्जाच्या अर्जाआधी ‘एक क्रेडिट कार्ड बंद करून टाकतो’ असे त्यांच्या चिरंजीवांनी जाहीर केले, त्या दिवशी पोरगा सुधारला म्हणून दादांना कोण आनंद झाला! मी मात्र कात्री लपवली.

पुतण्याकडे कार्डे दोन. जुने २०१४ सालचे, मर्यादा ६०,००० रुपयांची, नव्याची ४०,०००. महिन्याचा खर्च २०,०००, आणि तो वेळच्या वेळी फेडतो. लाखातले वीस हजार म्हणजे वीस टक्के. जुने कार्ड बंद केले, की तेच वीस हजार चाळीसातले होतात, म्हणजे निम्मे! माणूस तोच, खर्च तोच. पण कागदावर तो ओढगस्तीला आलेला दिसतो. हा वापर तीस टक्क्यांच्या आत असावा, असे जाणकार सांगतात.

हा कागद ठेवतो कोण? ‘सिबिल’ ही पतमाहिती कंपनी २००० साली निघाली. आज अशा चार आहेत. प्रत्येकीकडे आपली वही असते आणि तिच्यावरून ३०० ते ९०० पर्यंत गुण मिळतात. नव्या कार्डाचा अर्ज केला, की चौकशीची नोंद होते. थोड्या दिवसांत चार अर्ज केले, तर सावकाराला शंका येणारच! बंद खात्याची नोंदही काही वर्षे राहते; कात्रीने इतिहास पुसला जात नाही. ही वही वर्षातून एकदा फुकट पाहता येते. ती अवश्य पाहावी.

म्हणून कार्डे जन्मभर सांभाळावीत असे नव्हे. वार्षिक शुल्क डोईजड होत असेल किंवा हात आवरत नसेल, तर सगळी बाकी भरून कार्ड खुशाल बंद करावे. बाकी नसेल, तर अर्जानंतर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायचे. नाही तर दिवसाला ५०० रुपये दंड, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. फक्त घरकर्जाच्या तोंडावर हा उद्योग नको.

खरी गंमत पुढेच झाली. सहअर्जदार म्हणून दादांची वही पाहिली, तर ती कोरी! उभ्या आयुष्यात कुणाचा पैसा न बुडवलेल्या माणसाची नोंदच नाही. दोन दिवस दादा कुणाशी बोलले नाहीत. शेवटी मी म्हटले, “दादा, ही वही सचोटी मोजत नाही. घेतलेले वेळेवर फेडण्याची सवय तेवढी मोजते. न घेणाऱ्यासाठी तिच्यात रकानाच नाही.”

“मग रकाना त्यांचा कमी पडला,” दादा म्हणाले, “माझी पत नव्हे.”

कर्ज पुतण्याच्या वहीवर मंजूर झाले. आता दर महिन्याला कार्डाचे बिल भरले का, हे विचारायचे काम दादांनी आपणहून अंगावर घेतले आहे.