कागदावरच राहिलेले विमान

वास्को-चिखलीच्या माणसाला मिग-२९के ओळखायला वर बघावे लागत नाही, आवाजच पुरतो. ही विमाने दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर २०१० साली नौदलात दाखल झाली. मला मात्र तो आवाज ऐकला की एक दुसरेच विमान आठवते. कधीच न उडालेले... याक-४५.

गोष्ट १९७०च्या दशकातली. अमेरिकेच्या एफ-१५ला उत्तर हवे म्हणून सोव्हिएत संघाने नव्या लढाऊ विमानासाठी स्पर्धा लावली. सुखोई, मिकोयान आणि याकोवलेव अशी तीन मातब्बर घराणी उतरली. याकोवलेवने दोन इंजिने दोन पंखांवर, एकमेकांपासून लांब बसवली आणि तिथेच घात झाला. एक इंजिन बंद पडले तर दुसऱ्याचा जोर एकाच बाजूने लागून विमान गर्रकन वळणार. होडी एकाच वल्ह्याने हाकून बघा, लगेच कळेल! याकोवलेव बाद झाले. जड विमान सुखोईकडे गेले, हलके मिकोयानकडे. सु-२७ आणि मिग-२९ दोन्ही १९७७ साली पहिल्यांदा उडाली.

आता गंमत बघा. आपली विक्रमादित्य १९८७ साली ‘बाकू’ नावाने सोव्हिएत नौदलात आली, ती याकोवलेवचीच उभी उठणारी याक-३८ विमाने वाहण्यासाठी. २०१३ साली ती भारताची झाली, तेव्हा त्या डेकवर मिग आले. म्हणजे याकोवलेवची जागा मिकोयानने दुसऱ्यांदा घेतली.

पण हे मिग-२९केसुद्धा एकदा हरलेलेच! रशियन नौदलाने १९९०च्या दशकात त्याला बाजूला सारून सुखोईचे सु-३३ घेतले. २००४ साली भारताने करार केला, म्हणून त्याचा पुनर्जन्म झाला.

मग एका हरलेल्याला दुसरी संधी मिळाली, दुसऱ्याला का नाही? कारणे अनेक असतील. मला एक दिसते: मिग-२९केचे दोन नमुने निदान तयार झाले होते, १९८९ साली त्यांतला एक जहाजावर उतरलाही होता. दाखवायला काहीतरी होते.

आपल्याकडे नाट्यस्पर्धेत बक्षीस हुकलेले नाटक पुढे एखाद्या गावच्या जत्रेत रंगते, कारण ते एकदा तरी उभे राहिलेले असते. कपाटातल्या संहितेला कोण बोलावणार? माझ्या कपाटात तशी एक आहे. यंदा तालमीला माणसे जमवायची म्हणतो. हरली तर हरली!