इंडेक्स नावाची फाईल

ग्वाल्हेरला लष्करात माझी मावशी राहते. काकांनी निवृत्तीनंतर एक छोटं संकेतस्थळ केलं होतं. शिंद्यांबरोबर तिकडे गेलेली मराठी घरं, त्यांचे वाडे, गणपती, असं सगळं त्यात होतं.

२००६ साली मी पंधरा दिवस त्यांच्याकडे होतो. फोनची लाईन इतकी मंद, की चित्रं उतरेपर्यंत चहा निवायचा. म्हणून मी लिनक्सवर 'डब्ल्यू-थ्री-एम' वापरायचो. जपानच्या अकिनोरी इतो यांचा हा निव्वळ अक्षरं दाखवणारा ब्राउझर.

पान साठवायला गेलं की तो नाव सुचवतो. त्यासाठी तो पत्त्याचं शेपूट उचलतो. पत्ता तिरक्या रेघेवर संपला तर शेपूटच नाही. मग नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल', पान कुणाचंही असो! पत्त्यात देवनागरी असली तर आणखी मजा. नुसत्या 'ग'ची टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का नऊ सात अशी नऊ चिन्हं होतात. काना-मात्रा, पाय मोडणं धरून 'ग्वाल्हेर'ची ८१. ती शून्यं बघून काका हसले आणि दुसऱ्या दिवशी मला किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात घेऊन गेले. तिथल्या इ.स. ८७६च्या शिलालेखात देवाच्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५० कोरल्या आहेत. शून्य अजून स्पष्ट दिसतं.

असो. त्या संध्याकाळी काकांचं मुखपृष्ठ साठवलं. मग ग्वाल्हेर घराण्यावरचं एक. दोन्ही इंडेक्स. 'फाईल आहे, पुसून लिहू?' असं ब्राउझरने विचारलंही होतं. मी सवयीने 'वाय' दाबलं.

पुढे काका गेले, संकेतस्थळाचं भाडं कुणी भरलं नाही. गेल्या वर्षी मावशीचा फोन आला, "काकांचं ते पान तुझ्याकडे असेल ना रे?"

फाईल उघडली तर कृष्णराव शंकर पंडित!

इंटरनेट अर्काइव्हमध्ये शोधलं. मुखपृष्ठ नाही, आतली दोन पानं तेवढी मिळाली. या वेळी आधी नावं टंकली, मग साठवली. गणपतीचं पान मावशीला फोनवर वाचून दाखवलं. मध्येच म्हणाली, "अरे, आरतीला तबल्यावर तो नव्हे, त्याचा धाकटा भाऊ असायचा."

तेही खाली लिहून ठेवलं.