खेळांची फरदड

आमच्या अमरावतीच्या घरांत तळमजल्यावर एक खोली आहे. खिडकी पूर्वेस, न्हाणीघर लगत, दाराला उंबरठा नाहीं. आजारी माणसाला याहून सोयीची जागा साऱ्या घरांत दुसरी नाहीं; आणि या खोलींत गेलीं पंधरा वर्षें आमचे व्हिडिओ गेम राहत होते. कोणी पुस्तकें जमवितो, कोणी जुनीं नाणीं. आम्हीं हे जमविले. पुस्तकें जमविणाऱ्याचें लोक कौतुक करितात, नाणीं जमविणाऱ्याचें छायाचित्र एखादे वेळीं वर्तमानपत्रांत येतें. आमच्या छंदाविषयीं मात्र पाहुणे आमच्या घरच्या मंडळींशीं हलक्या आवाजांत बोलत.

श्रावणांत अकोल्याहून फोन आला. तेथें जठारपेठेंत आमची आई एकटी राहते. ती ओल्या अंगणांत घसरून पडली होती व खुब्याचें हाड मोडलें होतें. शस्त्रक्रिया नीट पार पडली, मावशी सोबतीस येऊन राहिली, आणि तीन आठवड्यांनीं आईला कायमची अमरावतीस आणावयाची असें ठरलें. त्या रात्रीं घरांतून प्रश्न आला, “अहो, आई निजणार कुठं? त्या मारिओच्या मांडीवर?”

दुसरे दिवशीं आम्ही मोजदाद करावयास बसलों. कॅसेटी १८०, तबकड्या ४३०, यंत्रें ११. वायरींचा गुंता निराळा. ज्यांना आमच्या पिढीचें बालपण ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयास पाहिजे कीं, जपानांतील निंटेंडो कंपनीनें १९८३ सालीं जें घरगुती यंत्र काढिलें, त्याच्या नकला पुढें आपल्याकडे गांवोगांव विकल्या जाऊं लागल्या. त्यांत खोचावयाच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याला आम्ही मुलें कॅसेट म्हणत असूं, आणि ती चालेनाशी झाली कीं तिच्या तोंडांत फुंकर मारीत असूं. फुंकरीच्या ओलाव्यानें आंतले धातूचे दांत उलट गंजतात, हें ज्ञान फार उशिरां झालें. आमचें पहिलें यंत्र १९९१ सालीं आईनेंच भिशीच्या पैशांतून अकोल्याच्या टिळक रोडवरून घेऊन दिलें होतें. म्हणजे पाहतां पाहतां जिनें ढिगाचा पहिला दगड ठेविला, तिच्यासाठींच आतां ढीग उपसावयाचा होता.

विकण्याची अक्कल आम्हांला कोणत्याही ग्रंथानें दिली नाहीं. ती मूर्तिजापूरकडच्या आमच्या मामांनीं दिली. त्यांचा सारा जन्म कापसांत गेला. १९७२ सालीं सुरू झालेली सरकारी एकाधिकार खरेदीही त्यांनीं पाहिली आणि नंतरचा खुला बाजारही. आम्हीं त्यांना आमची अडचण सांगितली. गेम म्हणजे काय हें त्यांनीं विचारलें नाहीं. माल किती, किती दिवसांत काढावयाचा, आणि माल एकसारखा आहे कीं नाहीं, एवढेंच विचारलें. मग म्हणाले, “भाचेबुवा, फरदड चांगल्या मालांत मिसयशीन तं सारा ढीग फरदडीच्या भावानं जाईन.” पहिल्या वेच्याचा कापूस पांढरा व चांगल्या धाग्याचा; हंगाम सरल्यावर त्याच झाडांना पुन्हां पाणी देऊन जो घेतात तो आखूड, डागाळलेला; तीच फरदड. मामा आणखी एक गोष्ट सांगून गेले. भाव येईल, भाव येईल म्हणून जो घरांत कापूस भरून ठेवितो, त्याच्या पोरांच्या अंगाला खाज सुटते, आणि गरज दारांत येऊन उभी राहिली म्हणजे मिळेल त्या भावानें गाडी भरावी लागते.

आम्ही खोलींत तीन ढीग घातले. येथपर्यंत सोपें होतें. कोणती वस्तु कोणत्या ढिगांत टाकावयाची, हें ठरवितांना मात्र आमची रोज नव्यानें मानहानि झाली. २०१४ सालीं प्लेस्टेशन ४ भारतांत आलें, तेव्हां चार-चार हजार रुपये मोजून घेतलेल्या फुटबॉलच्या तबकड्या आम्हीं मोठ्या आशेनें पहिल्या ढिगांत ठेविल्या होत्या. चौकशी केली तों त्यांना कोणी शंभर रुपयेही देईना. तो खेळ दरवर्षीं नवा निघतो. जुना म्हणजे मागच्या सालचें पंचांग. पुढें २०२३ सालीं तर त्या खेळाचें फिफा हें नांवही बदललें. प्लेस्टेशन २ चें तेंच. तें यंत्र जगांत पंधरा कोटींहून अधिक खपलें; जें घरोघर आहे तें दुर्मिळ कसें होणार? आणि ज्या कॅसेटीवर ९९९९ खेळ असल्याचें मोठ्या अक्षरांत छापलें होतें, तिच्यांत तेच थोडेसे खेळ नांवें बदलून फिरून फिरून येत, हें आम्हांला दहाव्या वर्षींही ठाऊक होतें. उलट, एका विस्मृत जपानी कथेची तबकडी आम्हीं पन्नास रुपयांना रद्दीवाल्याकडून उचलली होती. पेटी, आंतलें पुस्तक व नकाशा यांसह ती साडेपांच हजारांना गेली. पेटी व पुस्तक असलें कीं मोल दुप्पट होतें, आणि हेंच पुस्तक आम्हीं लहानपणीं सर्वांत आधीं फेकून देत आलों.

भाव पाहण्यांतही एक खोंच आहे, ती आमच्यासारख्या नवख्याला आठवडाभर फसविते. विक्रेते मागतात तो भाव निराळा, आणि खरोखर सौदा पटला तो भाव निराळा. एक कॅसेट कोणी बारा हजारांना मांडून ठेविली आहे असें पाहून आम्हीं मनांतल्या मनांत श्रीमंत झालों. नीट पाहतां ती तशी तीन वर्षें मांडलेलीच होती. तेव्हांपासून पटलेले भाव तेवढे वहींत लिहावयाचे असा नियम केला.

पहिल्या ढिगांत शेवटीं ३१ वस्तू उरल्या. त्यांचीं छायाचित्रें काढिलीं, तबकड्या उजेडापुढें धरून ओरखडे तपासले, असलेला दोष आपण होऊन सांगितला. बारा दिवसांत त्या पुणें, हैदराबाद, बंगळूर अशा गेल्या व ५८ हजार रुपये आले. एका गृहस्थानें मात्र पैसे पाठविण्यासाठीं म्हणून आम्हांकडे एक चौकोनी चित्र धाडलें, व फोनवर तें टिपून आपला पिन घाला म्हणाला. पैसे घेण्यास पिन लागत नाहीं, देण्यास लागतो; एवढें आमच्या ध्यानांत वेळेवर आलें, नाहींतर हा लेख आम्हीं दुसऱ्याच सुरांत लिहिला असता. दुसऱ्या ढिगांत एकेक यंत्र त्याच्या सर्व संसारासह, म्हणजे चालविण्याचे हात, वायर व बारा-तेरा खेळ यांच्यासकट मांडलें. सुटें यंत्र घेणारा घासाघीस करितो. आज संध्याकाळीं घरीं नेऊन लावतां येईल असा संच पाहिला कीं बाप मुलाकडे पाहतो आणि पाकीट काढितो. सहा संच, ४१ हजार.

आमच्या नांवावर आणखी नव्वद खेळ आहेत, पण ते खोलींत नव्हते. ते फोनच्या तारेवरून विकत घेतलेले, आमच्या खात्यांत दिसणारे. ते विकतां येत नाहींत, कोणाला देतां येत नाहींत. पैसे भरून आम्ही भाडेकरूच राहिलों. कॅलिफोर्निया राज्यानें २०२४ सालीं कायदा केला कीं, अशा व्यवहारांत दुकानदारानें ‘खरेदी’ हा शब्द वापरावयाचा तर गिऱ्हाइकाला केवळ वापराचा परवाना मिळतो हें स्पष्ट सांगावें. आम्हांला तें अमरावतींत बसून फुकट कळलें.

एक कॅसेट कोणत्याच ढिगांत जाईना. १९९९ सालीं अमेरिकेहून काकांनीं आणिलेला पोकेमॉन. त्यांत आमच्या धाकट्या बहिणीनें उन्हाळ्याची सारी सुटी खर्चून एक डाव मांडला होता. तो आंत साठविलेला होता, आणि त्यासाठींच ती कॅसेट आम्हीं पंचवीस वर्षें कोणाला हात लावूं दिला नाहीं. विकण्यापूर्वीं एकदां पाहावी म्हणून लावली. खेळ नव्यानें सुरू झाला, आणि खेळाडूचें नांव काय ठेवूं, असें विचारूं लागला. कॅसेटीच्या पोटांत नाण्याएवढी बॅटरी असते; ती संपली कीं साठविलेलें सर्व पुसलें जातें. केव्हां पुसलें गेलें कोण जाणे. बहिणीला नागपुरास फोन केला. ती म्हणाली, “दादा, मी तर तो डाव कधीच विसरले होते. विकून टाक.” ती कॅसेट आम्हीं पहिल्या ढिगांत ठेविली. गिऱ्हाइकाला बॅटरीचें सांगितलें, व दोनशें रुपये कमी घेतले.

आतां फरदड. पांचशेंच्या आसपास नग, आणि हातांत सहा दिवस. एकेक करून विकले तर सरासरी दोनशें रुपये, म्हणजे एक लाख; एकगठ्ठा दिले तर ४५ हजार. मन लाखाकडे धांवत होतें. पण छायाचित्र, पत्रव्यवहार, बांधणी, टपाल यांस नगामागें एक तास धरला तर पांचशें तास. आणि पदरांत जास्तीचे ५५ हजार. तासाला ११० रुपये मजुरी, आणि तोंवर आई जिन्याखालीं निजणार! हिशेब मांडल्यावर आम्हीं अकोल्याच्या एका तरुणाला होकार कळविला. मामांच्या नियमाला एकच मुरड घातली: चांगले सगळेच वेचून काढिले तर उरलेल्या ढिगाला कोणी शिवत नाहीं. म्हणून दहा-बारा बरे खेळ मुद्दाम त्यांत राहूं दिले, आणि त्यांत डक हंट व त्याची बंदूक होती.

बंदूक चालते हें दाखविल्याशिवाय तो घेईना, आणि अमरावतींत ती दाखविणें अशक्य. घोडा ओढला कीं पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागीं पांढरा चौकोन चमकतो, व बंदुकीच्या नळींतला डोळा तो उजेड टिपतो. हें जुन्या कांचेच्या नळीच्या टीव्हीवरच जमतें. नव्या पातळ पडद्याला चित्र दाखविण्यास किंचित् उशीर होतो, तेवढ्यानें बंदूक आंधळी होते. नळीचा टीव्ही आतां फक्त आईकडे होता. तेव्हां खोकीं गाडींत भरून आम्ही अकोल्यास निघालों. लोणी ते माना या टप्प्यांत याच रस्त्याची एकूण ७५ किलोमीटर लांबीची एकेरी मार्गिका जून २०२२ मध्यें १०५ तास ३३ मिनिटांत घातली गेली व तिचा जागतिक विक्रम नोंदला गेला. आम्हांला एक खोली मोकळी करावयास अठरा दिवस लागले होते.

आईच्या पलंगासमोर तो टीव्ही होता. तरुणानें यंत्र जोडलें, बदकें उडालीं, कुत्रा हंसला. आई उशीला टेकून पाहत होती. “आण इकडं,” ती म्हणाली, आणि बंदूक हातांत घेऊन तिनें पहिल्याच वेळीं बदक पाडलें. मावशी टाळ्या वाजवूं लागली. आम्ही पैसे मोजून घेतले, खोकीं उतरवून दिलीं. तरुण मात्र जाईना. तो टीव्हीच्या पाठीमागें वांकून पाहत होता. शेवटीं म्हणाला, “काका, हा टीव्ही देतां काय? असे आतां मिळत नाहींत. बंदुकीवाले गेम घेणारे हेच मागतात.”

तो टीव्ही आम्ही दुसऱ्या दिवशीं भंगारांत टाकणार होतों. “घेऊन जा,” हे शब्द आमच्या तोंडांतून निघणार, तोंच पलंगावरून आवाज आला, “टीव्हीचे पैसे येगळे. त्यात नाही धरले.”

घासाघीस दहा मिनिटें चालली. आम्हांला तींत बोलूं दिलें गेलें नाहीं. बाराशेंवर सौदा ठरला. त्यांतले दोनशें तिनें टीव्ही उचलून नेणाऱ्या पोराला देवविले, आणि उरलेले हजार दोनदां मोजून उशीखालीं ठेविले.