परवाना

भाईंदरला झुरळं, ढेकूण, वाळवी मारायचा धंदा काढला तेव्हा भाऊबंद म्हणाले, "बीएस्सी होऊन पुन्हा घाणीतच?"

गावात मेलं ढोर ओढायचं काम जन्मानं गळ्यात पडायचं. त्याला परवाना लागत नव्हता. याला लागतो. १९६८ चा कीटकनाशक कायदा, १९७१ चे नियम. शेतकीची नाहीतर रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी पाहिजे, वर मान्य संस्थेत किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण. अर्जाला पदवी लागते, जन्म नाही.

जन्म विचारतं ते गिऱ्हाईक. मीरा रोडला एका बाईनं घरभर औषध मारून घेतलं, मग आडनाव विचारलं. पैसे हातात दिले नाहीत, उंबऱ्यावर ठेवले. मी उचलले, पावती फाडली. पावतीवर परवान्याचा नंबर आहे, त्याच्या वर माझं आडनाव. ठळक.

हाताखाली दोन पोरं आहेत, आपलीच. कामगाराला संरक्षक कपडे देणं त्याच नियमांनी मालकावर टाकलंय. हातमोजे, मास्क नसेल तर मी पंपाला हात लावू देत नाही. मालक होऊन आपल्याच पोरांच्या छातीत विष भरायचं असेल, तर गावचा पाटील काय वाईट होता?