झाडीतला खेळ आणि माळावरचा खेळ

अमेरिकेत किंवा कॅनडात मुलांकडे सहा महिने राहायला निघालेली मंडळी जाण्यापूर्वी एकदा माझ्या दवाखान्यात येऊन जातात. औषधे किती महिन्यांची न्यावीत, विमानात पाय सुजले तर काय करावे, हे प्रश्न ठरलेले असतात. परतल्यावरची तक्रारही बहुधा ठरलेलीच असते. "डॉक्टरसाहेब, सगळं छान होतं, पण दिवस जात नव्हता." काटोलात सकाळी चौकापर्यंत गेले तरी दहा माणसे भेटतात. तिथे मुलगा-सून कामावर, नातू शाळेत आणि रस्त्याने पायी चालणारे कुणी नाही. असे सहा महिने काढून साखर वाढलेली, गुडघे आखडलेले आणि मनाने कोमेजलेले लोक मी पाहिले आहेत.

म्हणूनच गेल्या वर्षी ७२ वर्षांचे एक निवृत्त गुरुजी तिकडून परतले, तेव्हा मला नवल वाटले. वजन चार किलोंनी उतरलेले, साखर आटोक्यात आणि चेहऱ्यावर तकाकी. विचारले तर म्हणाले, "नातवाबरोबर तबकड्या फेकायला जात होतो." पण पाठोपाठ त्यांच्या मुलाचा फोन आला. झाडीत खेळताना बाबांचा पाय मुळात अडकला, ते तळहातावर पडले, हाड वाचले. आता पुढच्या खेपेस खेळायचे असेल तर मोकळ्या मैदानातच, नाहीतर खेळणेच बंद, असा त्याचा आग्रह होता. गुरुजींना मात्र झाडीच हवी होती. दोघांनीही निवाडा माझ्यावर सोपवला.

आपल्यापैकी पुष्कळांना हा खेळ ठाऊक नसेल. त्याचे नाव डिस्क गोल्फ. नियम गोल्फचेच, पण चेंडूऐवजी प्लास्टिकची तबकडी आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली. तबकडीचा व्यास साधारण २१ सेंटिमीटर आणि वजन दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. सुरुवातीच्या जागेपासून टोपलीपर्यंत जो कमीत कमी फेकींत पोहोचेल तो पुढे. अशा ९ किंवा १८ टोपल्या एका उद्यानात मांडलेल्या असतात आणि बहुतेक ठिकाणी खेळायला पैसे पडत नाहीत. कॅलिफोर्नियातील एड हेड्रिक या गृहस्थाने १९७५ साली ओक ग्रोव्ह उद्यानात पहिला रीतसर मार्ग आखला आणि पुढच्याच वर्षी खेळाडूंची व्यावसायिक संघटना स्थापन केली. २००२ साली त्याचे निधन झाल्यावर त्याच्याच इच्छेनुसार त्याची रक्षा तबकड्यांमध्ये मिसळली गेली. या संघटनेच्या स्पर्धांत चाळिशीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत वयोगट आहेत, हे मला विशेष वाटले. ऐंशी ओलांडलेल्या माणसासाठी स्वतंत्र गट ठेवणारे खेळ थोडेच.

या खेळाच्या जाणकारांत एक जुना वाद चालतो. खरा कस झाडीतल्या मार्गावर लागतो की मोकळ्या मार्गावर? केंटकी राज्यातील आयडलवाइल्डसारख्या मार्गावर दोन्ही बाजूंना झाडे उभी असतात आणि तबकडीला मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातूनच जावे लागते. तिथे जोर निरुपयोगी ठरतो, अचूकपणा लागतो. चुकीची शिक्षा झाडच देते. कधीकधी चांगली फेकही एखाद्या बारीक फांदीला लागून वाया जाते आणि खेळाडू नशिबाला दोष देतात. उलट कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे गवताळ माळ आणि वारा. तिथे लांबवर फेकण्याची ताकद हवी आणि वाऱ्याची समज हवी. समोरचा वारा तबकडीला उलथवतो, पाठीमागचा तिला लवकर खाली बसवतो. झाडे नसल्यामुळे अडथळेही माणसालाच निर्माण करावे लागतात. साउथ कॅरोलायनातील विन्थ्रॉप विद्यापीठाच्या परिसरात १९९९ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होते. तिथे दोर अंथरून हद्दी आखतात आणि तबकडी दोराबाहेर गेली की एक फेक दंड म्हणून वाढते.

गुरुजींना झाडी का आवडते, हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितले. "मैदानात नातवाचा जोर चालतो, झाडीत माझा अंदाज चालतो." मोकळ्यावर चौदा वर्षांचा नातू ऐंशी मीटर फेकी आणि यांची तबकडी पस्तिसावर बसे. झाडीत नातवाची जोरदार फेक दुसऱ्याच झाडावर आदळे आणि यांची हळुवार फेक पट्ट्यातून सरळ निघून जाई. आजोबा नातवाला हरवू शकतात अशी ती एकच जागा होती. हे कारण मी वैद्यकीयदृष्ट्याही महत्त्वाचे मानतो. जिथे जिंकण्याची आशा असते तिथे माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, आणि व्यायामाचा सारा लाभ या पुन्हा जाण्यात आहे.

आता शरीराचे पाहू. झाडीतला धोका पायांशी आणि डोळ्यांशी असतो. वयपरत्वे डोळ्याची बाहुली लहान राहते आणि उन्हातून सावलीत शिरल्यावर नजर स्थिरावायला वेळ लागतो. पानांतून पडणाऱ्या कवडशांत मूळ आणि त्याची सावली वेगळी दिसत नाही. त्यातच दुहेरी भिंगाचा चष्मा. त्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यामुळे पायांकडे पाहिले की जमीन धूसर होते. पुष्कळ पडझडींमागे हा चष्मा असतो आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. मी गुरुजींना फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करायला सांगितले. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना गेली आहे, त्यांना मात्र मी झाडीत जाऊ देत नाही. गुरुजींचे तळपाय तपासले, संवेदना शाबूत होती.

मोकळ्या मैदानाला घरची मंडळी 'सुरक्षित' म्हणतात, ते मला पटत नाही. तिथला धोका नजरेत भरत नाही, एवढेच. हवामान खाते जो पारा सांगते तो सावलीतला असतो. उघड्यावर सूर्याचा ताप त्यात भर घालतो. सत्तरीनंतर तहान उशिरा आणि कमी जाणवते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातील पाणी आधीच कमी असते. मोतीबिंदू असणाऱ्यांना तिरप्या उन्हात डोळ्यांपुढे झगमगाट होतो. आणि लांब फेकण्याच्या ईर्षेने कंबर आणि खांदा जोरात पिळला जातो. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण मुळातच अधिक. झाडीतली पडझड सर्वांना दिसते. मैदानातून घरी येऊन 'जरा थकवा आहे' म्हणत पडून राहिलेला माणूस कुणाच्या लक्षात येत नाही.

दोन्हीकडे सारखीच असलेली एक गोष्ट म्हणजे वाकणे. १८ टोपल्यांच्या खेळात साठ-सत्तर वेळा तबकडी उचलावी लागते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे वाकून झटकन उभे राहिल्यावर चक्कर येते. अशांनी काठीचा आधार घ्यावा, गुडघ्यांत वाकून उचलावे, उभे राहिल्यावर दोन श्वास थांबावे आणि ९ टोपल्यांवर समाधान मानावे. या खेळाचा एक नियम मात्र जणू आमच्यासारख्या डॉक्टरांनीच केला असावा. टोपली दहा मीटरच्या आत आली की फेकल्यानंतर तोल पूर्ण सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. तोल सांभाळण्याचा व्यायाम करा म्हणून मी वर्षानुवर्षे सांगतो आणि लोक मान डोलावून घरी जातात. इथे तो खेळातच बसवलेला आहे.

शेवटी मी मुलाला फोनवर सांगितले की खेळ थांबवू नये. पडण्याच्या भीतीने खुर्चीत बसवलेल्या माणसाच्या मांड्यांचे स्नायू काही आठवड्यांतच झिजू लागतात, आणि मग तो खुर्ची ते न्हाणीघर एवढ्या अंतरातही पडतो. उन्हाळ्यात झाडीचा मार्ग, थंडीत मोकळा. पाऊस पडून गेल्यावर पाने ओली असताना झाडीत जाऊ नये. नातवाने पुढे चालून मुळे दाखवावीत. तिकडच्या झाडीत गोचिडींपासून लाइम रोग होतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि घरी आल्यावर अंग तपासावे. मुलाने जरा कुरकुर केली, पण मान्य केले.

वाचकहो, आपल्या तालुक्यात साखळ्यांच्या टोपल्या नसल्या तरी झाडी आणि माळ यांची निवड आपणही रोज सकाळी करतो. संत्र्याच्या बगीच्यात फिरावे की शाळेच्या मोकळ्या मैदानात? बगीच्यात अठरा-वीस फुटांवर झाडांच्या ओळी असतात आणि मधून सुरेख सावलीची वाट जाते. पण तिथे आळ्यांचे उंचवटे असतात, ठिबकच्या काळ्या नळ्या काळ्या मातीत दिसत नाहीत, आणि फळ लगडले की फांद्यांना लावलेले बांबूचे टेकू वाटेत येतात. उन्हाळ्यात याच मातीला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती चपलेला किलोभर चिकटते. फवारणी झालेल्या दिवशी तर बगीच्यात पाऊलच ठेवू नये. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसने किती घरांना धास्तावून सोडले होते, ते आठवत असेल. तो रोग झुडपा-गवतातल्या बारीक किडीमुळे होतो. म्हणून पावसाळ्यात आणि नंतरच्या दोन महिन्यांत गवत वाढलेल्या धुऱ्यावरून फिरणे टाळावे, पक्का रस्ता बरा. मार्चपासून जूनपर्यंत, मशागत केलेल्या बगीच्यातली सपाट वाट मिळत असेल तर तीच निवडावी. मैदान निवडलेच तर सूर्य वर येण्याआधी घरी परतावे, कारण मे महिन्यात आपल्याकडे आठ वाजताचे ऊनही सोसवत नाही. डोक्याला दुपट्टा आणि हातात पाण्याची बाटली हवी, आणि तहानेची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी ज्यांना पाणी मोजून दिले आहे, त्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. थंडीत मात्र मैदानच उत्तम. सकाळचे ऊन हाडांनाही मानवते आणि चार माणसे भेटतात.

सांभाळ करणाऱ्यांसाठी एवढेच. वडीलधारे माणूस पडले तर काखेत हात घालून लगेच उचलू नका. आधी बोलू द्या, कुठे दुखते ते विचारा, दोन्ही पाय स्वतःहून हलतात का आणि एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का ते पाहा. तसे दिसले तर हलवू नका, १०८ ला फोन करा. आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला असेल, तर माणूस हसून 'मला काही झालं नाही' म्हणत असले तरी त्याच दिवशी इस्पितळात न्या.